सर्जन, सृजन की स्रष्टा?

मांडवीकाठ: आमच्या वाचनालयात मेरी शेलीच्या 'फ्रँकेनस्टाइन' कादंबरीवर (१८१८) बोलायचं आहे. उपशीर्षकात 'आधुनिक प्रोमिथिअस' आहे. देवांचा अग्नी चोरून शिक्षा भोगणारा प्रोमिथिअस ओव्हिडच्या काव्यात मातीपाण्यातून माणूसही घडवतो. मी 'आधुनिक ब्रह्मदेव' लिहिलं, तर चिटणीस म्हणतात, ब्रह्मदेवाला कुठे शिक्षा झाली? 'निर्माता' लिहावं तर सिनेमाला पैसे घालणारा वाटतो. फलकावर काय लिहू?

खडूस मास्तर: पाचवं डोकं गेलं ते काय बक्षीस म्हणून? असो. 'स्रष्टा' लिहा. 'सृष्टा' नव्हे! आणि 'सृजन'ही नको, सृज् धातूपासून 'सर्जन' होतं.

ओला काजू: मास्तर, सर्जन म्हटलं की गोंयकाराला बांबोळीचं इस्पितळच आठवतं.

मांडवीकाठ: तेही चालेल की, कादंबरीतल्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने जीव घडवायला प्रेतांचेच अवयव जोडले! पण तो डॉक्टर नाही हं, इंगोलश्टाट विद्यापीठाचा विद्यार्थी.

पेडणेकरीण: सरळ 'भस्मासुर' म्हणा. पेपरवाले तेच लिहितात.

ओला काजू: बाये, शंकराने भस्मासुर घडवला नव्हता, नुसता वर दिला. घडवला तो पार्वतीने, अंगाच्या मळाचा गणपती.

चिकणमाती: गणपतीचं निघालं म्हणून सांगते. माशेलला मामाची गणपती घडवायची चित्रशाळा. रंगकाम झालं तरी डोळ्यांची आखणी शेवटी, तीही मामाच करायचा. त्या वेळी आम्हा पोरांना बाहेर काढत. बुबुळ टेकवलं की मामा श्वास सोडायचा, मग मूर्तीशी 'अहो' म्हणून बोलायचा. व्हिक्टरचं उलट. त्या जिवाचा पिवळट डोळा उघडला आणि हा खोलीतून पळाला! नाव ठेवणं दूरच. म्हणून लोक अजून बापाचंच नाव पोराला लावतात.

खडूस मास्तर: उत्तम. आता गंमत पाहा, 'विसर्जन'ही सृज्‌चंच. सृज् म्हणजे मुळात सोडणे, बाणसुद्धा सोडतात तो सृज्‌नेच.

पेडणेकरीण: म्हणजे व्हिक्टरने विसर्जन केलं म्हणायचं?

चिकणमाती: छे! आमच्याकडे दीड दिवसाचा असला तरी उत्तरपूजा होते, मूर्ती जराशी हलवतात, मग नेतात. ते सोडणं. त्याने टाकलं. सोडलेली माणसं आणि टाकलेली माणसं मराठीत एक नाहीत.

खडूस मास्तर: हा अर्थ कोशात नाही.

चिकणमाती: कोश करणाऱ्यांना टाकलं नसेल कुणी.

ओला काजू: देवांचा कारागीर 'त्वष्टा' कसा वाटतो? त्याने इंद्राला मारायला यज्ञातून वृत्र निर्माण केला, पण मंत्रातल्या 'इंद्रशत्रु'चा स्वर चुकला, अर्थ उलटला आणि इंद्रानेच वृत्राला मारलं. प्रयोग फसलेला शास्त्रज्ञच!

पेडणेकरीण: त्वष्टा म्हणजे तांबट ना? आमच्या शेजारी राहायचे.

खडूस मास्तर: स्वर चुकवला यज्ञ करणाऱ्या ऋत्विजांनी की त्वष्ट्याने, यावर आधी बोलू.

मांडवीकाठ: मंडळी, फलक संध्याकाळी रंगवायचा आहे.

खडूस मास्तर: रंगवणाऱ्याला 'स्र' नीट काढायला सांगा.