तुमच्या केसांना शेवटी काय मानवलं? (अनुभव धागा)

कुरळीच_बरी
परवा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जिरं-मोहरी घ्यायला गेले होते. दुकानदार शेजारच्या पोत्यातनं कुणाला तरी शेंगा मापून देत होता आणि वास आला. शिकेकाई. उभ्या उभ्या मी मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या न्हाणीत पोचले.

रविवारी बंब पेटायचा. आज्जी आदल्या रात्री शिकेकाई, रिठा, आवळकाठी, मूठभर मेथ्या भिजत घालायची आणि सकाळी उकळून फडक्यातनं गाळायची. मग माझं डोकं दोन गुडघ्यांत धरून असं चोळायची की डोळ्यांत गेल्याशिवाय न्हाणं झालं असं कुणी मानायचंच नाही. तिचे केस सरळ, कमरेखाली. माझे कुरळे. तिला मानवलं ते मलाही मानवणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. वाळले की माझ्या डोक्याचा खराटा. त्यात आई कोरड्या केसांतनं बारीक दातांची फणी ओढायची. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, तरी दुपारपर्यंत सगळं बाहेर. शाळेत नाव 'झिपरी'.

२०१४ मध्ये मामेबहिणीच्या लग्नाआधी स्ट्रेट करून घेतले. चार महिन्यांत मुळाशी दीड-दोन इंच कुरळे, खाली काठीसारखे सरळ, आणि बरोबर त्या सांध्यावर मोडायला लागले. शेवटी मानेपर्यंत कापले आणि वर्ष-दोन वर्षं नुसतं बघत बसले, कशानं काय होतंय ते.

माझं ठरलं ते असं: आठवड्यातनं दोनदाच धुवायचे. कोरड्या केसाला कंगवा लावायचा नाही म्हणजे नाही. कंडिशनर लावून ओल्यातच, मोठ्या दातांनी, टोकाकडनं सुरू करून वर. टॉवेलनं खसाखसा पुसायच्या ऐवजी जुना सुती टी-शर्ट. रिठा बंद, त्यानं माझे केस दोरखंड होतात. शिकेकाई महिन्यातनं एकदा, ती आज्जीसाठी.

तुम्हाला कधी उमगलं? लिहा. आमच्यासारखे पैसे घालवून झाले असतील तर तेही लिहा.

नाद_खुळा_७७
आमचा विषय २०१६ लाच संपला. टक्कल. रोज ओल्या फडक्यानं पुसतो, चमक येते. चालू द्या तुमचं.

पाचगावकर_वहिनी
पाण्याचं कुणी बोलत का नाही? माझं लग्न होऊन पाचगावला आले आणि सहा महिन्यांत केस भुरे, हाताला चिकट, तरीही रुक्ष. शाम्पू बदलले, तेलं बदलली, माहेरचे म्हणाले सासरचं सोसंना झालंय हिला. 😄

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आमचा भाग उंचावर, त्यामुळं घरात पाणी नाही. खरं शहराला पाणी पुरवणारे शिंगणापूर, बालिंग्याचे उपसे पाण्याखाली गेले, नळ बंद. लाईट नाही म्हणून बोअर बंद. टँकर आला की भांडणं. बाहेर आभाळ फाटलेलं आणि घरात घागर रिकामी. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावलं, सगळं घर आठवडाभर त्याच पाण्यावर. दोनदा डोक्यावरनं अंघोळ केली त्या पावसाच्या पाण्यानं, साध्या दहा रुपयांच्या पुडीतल्या शाम्पूनं. केस असे मऊ आले की मलाच खरं वाटंना. दोष केसांत नव्हता, बोअरच्या पाण्यात होता. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, साबण लावला की फेस कमी आणि चिकट साका जास्त, तो केसावर बसतो. बादलीला पांढरा थर धरतोय ना, तोच.

घरच्या घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस टाकून हलवा. फेस राहिला तर पाणी हलकं. गढूळ होऊन वर साका आला तर जड. आता मी सगळी अंघोळ बोअरच्याच पाण्यानं करते, शेवटचा तांब्या फक्त फिल्टरच्या पाण्याचा, त्यात चार थेंब लिंबू. एवढ्यानं काम भागतं.

कुरळीच_बरी
@पाचगावकर_वहिनी अगं मग माझा रिठासुद्धा उगाच बदनाम झाला की काय? आमच्याकडं तर नळाचंच पाणी होतं म्हणा. नाही, रिठाच तो.

गंगावेस_कट्टा
आमच्या आईनं ऐकलेलं, केसाला दही-दूध लावा. दूध कट्ट्यावर म्हैस पिळून समोर धारोष्ण मिळतंय, ते प्यायचं सोडून डोक्यावर? वडील दोन दिवस बोलले नाहीत.

पुण्याहून_सून
मी इथं नवीन. अवांतर प्रश्न. इकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' का म्हणतात? पहिल्या आठवड्यात मला वाटलं नणंदबाई माझी चेष्टा करतात. केसांचं नंतर लिहिते.

डंकावरची_चटणी
@पुण्याहून_सून लिहितो की! मी बाईच हाय. 😂 हे इथलं वळण, सवय होईल. वर्षभरात तुम्ही पण म्हणशीला.

आता माझं. मे महिना, चटणीचा सीझन. संकेश्वरी-ब्याडगी, खोबरं, कांदा-लसूण सगळं घेऊन मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावलेला. सासूबाई म्हणाल्या, येता येता शिकेकाई पण कुटून आण. डंकवाला म्हणाला आज जमणार नाही, उद्या धुऊन देतो. मी म्हटलं, दादा मऊ शेंगा हायत, दोन मिनिटांचं काम. झालं. आमच्या चटणीमागं लगेच शिकेकाई कुटली.

रविवारी लावली. आधी गरम वाटलं, म्हटलं गुण येतोय. मग कानामागं, मग मानेवर, मग डोळे. घरभर बोंबलत फिरलो. ताक ओतलं, खोबरेल ओतलं, सासूबाई वरनं म्हणत्यात 'शिंकू नको'. दीड किलो शिकेकाई तशीच पडून हाय. टाकवत नाही आणि लाववतही नाही. तात्पर्य बित्पर्य काही नाही, डंकवाल्याचं ऐका.

नाद_खुळा_७७
दीड किलो! रश्श्यात टाका थोडी, तर्री येईल.

तालमीतला_पोरगा
मी इथं चुकून आलो खरं लिहितो. तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून माती मुरवत्यात. रोज सकाळी ती डोक्यात. वस्ताद म्हणायचे केस ठेवायचे तर बोटभर, नायतर समोरचा धरतोय. दहा वर्षं फक्त विहिरीचं पाणी आणि सरसूचं तेल. आता शिरोलीत कामाला लागलोय, दिवसभर हेल्मेट, घाम, आणि कोंडा सुरू. काय करू?

पाचगावकर_वहिनी
@तालमीतला_पोरगा हेल्मेटखाली सुती रुमाल बांध, रोज धुतलेला. आणि कोंडा असताना तेल थापू नको, वाढतो तो. केटोकोनाझोलचा शाम्पू असतोय औषधाच्या दुकानात, लावून पाचएक मिनिटं ठेवून धुवायचा. खवले पडून लाल झालं असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखव बाबा.

दोन_महिन्यांची_आई
(पिल्लू झोपलंय, चुका माफ)
बाळ झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मूठ मूठ केस. न्हाणीची जाळी तुंबायची, नवरा काडीनं काढायचा आणि काही बोलायचा नाही, त्यानं जास्त रडू यायचं. आईनं माक्याचं तेल पाठवलं, आत्यानं जास्वंदीचं, जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला. कांद्यानं एकच झालं, बाळ जवळ यायला तयार नाही.

डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं. गरोदरपणात हार्मोन्समुळं जे केस गळायचे ते थांबून राहतात, बाळंतपणानंतर ते सगळे एकदम निघतात. एरवीही दिवसाला पन्नास ते शंभर जातातच. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला लावलं. लोह तळाला गेलेलं. गोळ्या, हळीव, खजूर सुरू. वर्षाच्या आत कपाळावर बारीक लव आली, आता ती सगळी उभी असते, माकडाच्या पिल्लासारखी. तेल लावते अजून, खरं ते आईच्या हातासाठी.

(आता बाळ दोन वर्षांचं आहे, नाव बदलायचं राहिलंय.)

कुरळीच_बरी
@दोन_महिन्यांची_आई 🫂 जाळीचं वाचून गलबललं. नवरा चांगला आहे गं.

रिबीनवाली
झिपरी वाचून हसले आणि मग हसू गेलं. मला 'मॅगी' म्हणायचे. बाई वर्गात म्हणायच्या, घरी कंगवा नाही का? आता माझ्या लेकीचे तसेच आहेत. शाळेत आधीच सांगून आले, केस विस्कटलेले नाहीत, असेच आहेत.

जवसाचं जेल करता का कुणी? चार चमचे जवस, दोन कप पाणी, उकळून अंड्याच्या पांढऱ्यासारखं सुटलं की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की गाळायचं विसरा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. सासूबाईंनी पहिल्यांदा 'काहीतरी नासलंय' म्हणून ओतून दिलं, तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी असते.

गुलाल_उधळ
जोतिबाला चैत्राच्या यात्रेला जाणाऱ्यांनी एवढं करा. जायच्या आधी भरपूर खोबरेल. परत आल्यावर पाणी लावू नका, आधी मोकळ्या हवेत केसांतला गुलाल कोरडाच झटका, मग दुसऱ्यांदा तेल लावून पुसून काढा, मग धुवा. आम्ही पहिल्या वर्षी थेट पाणी ओतलं, उशी, गादी, नवऱ्याचा ऑफिसचा शर्ट सगळं गुलाबी.

पुण्याहून_सून
आले परत. माझं म्हणजे मेंदी. पांढरे केस लवकर आले. लोखंडी कढईत, चहाचं पाणी, रात्रभर. केशरी येतो, मला चालतो. चुलत सासूबाईंनी 'काळी मेंदी' म्हणून पुडी आणली आणि कपाळ सुजून डोळे मिटले. त्यात पीपीडी नावाचं रंगाचं रसायन होतं. मेंदीच्या पानाचा रंग काळा येतच नाही, हे तेव्हा कळलं. आता काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस बघतो.

डंकावरची_चटणी
@पुण्याहून_सून 'बघतो' म्हणालीस!! 😂😂

पुण्याहून_सून
अरे देवा.

कुरळीच_बरी
मी परवा अर्धा किलो शेंगा आणल्याच शेवटी. डंक धुऊन कधी देतो ते कुणी विचारून सांगा, मला चटणीवाल्यांच्या मागं नंबर नको.

डंकावरची_चटणी
सोमवारी सकाळी. मी पण येतो, चटणीवाल्यांच्या आधी नंबर लावूया.