एग डोनेशन करू का? जावेच्या आधार कार्डावर करायला सांगतायत

नाशिकची_पोर

नमस्कार. मी 22 वर्षांची आहे, मुलगी अडीच वर्षांची. नवऱ्याचं कंपनीतलं काम सुटलंय, भाडं तुंबलंय. आमच्या गल्लीतल्या एक बाई एग डोनेशनसाठी बायका नेतात. म्हणतात, दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची, मग भूल देऊन वीस मिनिटांत बीजं काढतात, संध्याकाळी घरी. तीस हजार रोख. माझं वय कमी पडतं म्हणून थोरल्या जावेचं आधार कार्ड द्यायचं, जाऊबाई तयार आहेत. मला मागे सोनोग्राफीत पीसीओडी सांगितलं होतं. ते ऐकून बाई उलट खूश झाल्या, "तुझी भरपूर निघतील" म्हणाल्या. बीजं संपतात का? पुढे दुसरं मूल राहायला अडचण येईल का? आणि त्रास खरंच किती होतो? सासूबाईंना काही माहीत नाही, म्हणून इथे विचारते.

ठाणेकरीण

मी केलं होतं 2018 मध्ये, तेव्हा आत्ताचा कायदा नव्हता. खोटं कशाला सांगू, मला मोठं काही झालं नाही. सुईची सवय होते. शेवटी शेवटी सलवारीची नाडी सैल बांधावी लागायची आणि जिना उतरताना पोटात काहीतरी जड हलतंय असं वाटायचं. पिकअपनंतर, म्हणजे बीजं काढल्यावर, पाळी आली, पोट उतरलं. पुढे मुलगाही झाला, उपचाराविना.

पण माझ्यासोबत एक मुलगी होती, तिचं पोट इतकं फुगलं की आडवं होता येईना. सेंटरला फोन केला तर "एजंटशी बोला". एजंटचा फोन बंद. सरकारी दवाखान्यात नेलं, तर कुठली इंजेक्शनं घेतली हे डॉक्टरांना दाखवायला तिच्याकडे साधी चिठ्ठी नव्हती.

जुन्या_सिस्टर

मी आयव्हीएफ सेंटरमध्ये बरीच वर्षं नर्स होते. आधी तुझ्या बीजांचं सांगते. ती संपत नाहीत. दर महिन्याला बीजांची एक तुकडी वाढायला लागते, त्यातलं बहुधा एकच पक्व होतं, बाकीची विरून जातात. इंजेक्शनं त्या विरणाऱ्यांनाच वाढवतात. पुढच्या मुलालाही सहसा अडचण येत नाही. सुई योनीमार्गातून आत जाते, तेव्हा रक्तस्राव किंवा संसर्ग झाला, किंवा जड झालेल्या अंडाशयाला पीळ पडला, तर गोष्ट वेगळी. हे क्वचित होतं, पण होतं. वीस वर्षांनी काय, कॅन्सर वगैरे, याचं ठाम उत्तर कुणाकडे नाही. आयव्हीएफ केलेल्या बायकांची माहिती आहे, तीत घाबरण्यासारखं ठोस काही निघालेलं नाही. डोनर बायकांचा माग मात्र फारसा कुणी ठेवत नाही.

आता ते "भरपूर निघतील". अगं, ती बाई ज्यावर खूश झाली तोच तुझा धोका आहे. तरुण वय, बारीक अंग आणि पीसीओडी असेल तर अंडाशयं औषधाला जास्तच उसळतात. बदामाएवढं अंडाशय मोसंब्याएवढं होतं. मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं, रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते, श्वास लागतो, पायात नाहीतर फुप्फुसात गुठळी होऊ शकते. आम्ही त्याला ओएचएसएस म्हणायचो. पोट जड होणं, मळमळ, एवढं सौम्य तर पुष्कळ जणींना होतं. दवाखान्यात ठेवायची वेळ थोड्यांवर येते. पण ती बहुतेक वेळा पिकअपनंतर येते, घरी गेल्यावर. म्हणून "संध्याकाळी घरी" हे वाक्य मला कधीच आवडलं नाही.

हे बरंचसं टाळता येतं बरं का. डोस कमी ठेवायचा, एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करायची आणि शेवटचं ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं, इंजेक्शन एचसीजीचं न देता ल्युप्रोलाइडसारखं द्यायचं. डोनरला गर्भ ठेवायचा नसतो, त्यामुळे तिला हे सहज देता येतं आणि ओएचएसएसचा धोका खूप उतरतो. चांगले डॉक्टर हेच करतात. तुझ्या त्या बाईला विचारून बघ, ट्रिगर कुठला? तिला शब्दच माहीत नसेल.

आणि जावेचं आधार. इथे मला खरा राग येतो. तुझे रक्ताचे रिपोर्ट जावेच्या नावावर, वय तिचं, जुने आजार तिचे. भूल देणारा डॉक्टर तोच कागद बघून भूल देणार. तुला कशाची अ‍ॅलर्जी असली तर कागदावर नसेल. 2021 च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या, कायद्यानुसार बीज घेणाऱ्या जोडप्याने डोनरचा 12 महिन्यांचा विमा काढायचा असतो. तो निघालाच तर जावेच्या नावाने निघेल. तू अतिदक्षता विभागात पडलीस तर विमा कंपनीच्या लेखी तू कुणीच नाहीस.

त्याच कायद्यात डोनरचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान आणि जास्तीत जास्त सात बीजं असं आहे. सातची मर्यादा असताना "भरपूर" कुणासाठी काढतायत? बीजांची विक्री, डोनर आणायला मध्यस्थ, दोन्ही गुन्हे आहेत. 2010 मध्ये मुंबईत 17 वर्षांची एक मुलगी बीजं काढल्यावर दोन दिवसांत गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तीही काही पहिल्यांदाच बीजं द्यायला गेली नव्हती.

रोखठोक_कोल्हापूर

सिस्टर, कायदा शिकवणं सोपं आहे. भाडं कोण भरणार? त्या पोरीला आज तीस हजार लागतायत.

जुन्या_सिस्टर

भाऊ, मान्य. म्हणून तिला "करू नकोस" एवढंच म्हणून मी थांबले नाही. पण हिशेब पूर्ण करा. पोटात पाणी झालं तर ते काढणं, सलाईन, रक्त पातळ करायची इंजेक्शनं, चार-सहा दिवस दवाखाना, यात तीस हजार खासगीत कुठल्या कुठे जातात. तेव्हा ती बाई येणार नाही, हे वर ठाणेकरीण सांगतेच आहे. शिवाय घरात अडीच वर्षांचं लेकरू. भाड्यासाठी मालकाकडून महिनाभराची मुदत मागणं मला यापेक्षा स्वस्त वाटतं.

नाशिकची_पोर

जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या घाबरल्या, कार्ड परत आणलं. बाईंनी उद्याच रक्त द्यायला बोलावलं होतं, नाही म्हणून सांगितलं. पण कार्डाची झेरॉक्स त्यांच्याकडेच आहे, देत नाहीत. दुसरी कुणी त्यावर गेली तर?

जुन्या_सिस्टर

तेच करतात. जाऊबाईंना आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायला सांग, आधार कुठे पडताळलं त्याची नोंदही तिथे दिसते. नुसती झेरॉक्स लावली तर मात्र त्या नोंदीत येणार नाही, तेव्हा पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या. आणि जाऊबाईंनी एकटीने जाऊ नये, तू सोबत जा.