येरवड्यात सुतारकाम शिकलेल्या माणसाला शेडवर ठेवू का?

शेडवाली_वागळे
ठाण्यात वागळे इस्टेटला आमची फर्निचरची छोटी शेड आहे, सासऱ्यांच्या वेळची. कामं बहुतेक घोडबंदर रोडच्या टॉवरांमधली. परवा एक जण काम विचारायला आला. पन्नाशीचा, शर्टाला कडक इस्त्री. कुठे शिकलात विचारलं तर सरळ म्हणाला, "येरवड्याला. शिक्षा भोगून आलोय." गुन्हाही सांगितला, तो इथे लिहीत नाही.

मी सागाचा तुकडा पुढे टाकला. रंध्याचं पातं त्याने आधी अंगठ्यावर पाहिलं, नाक मुरडलं आणि धार लावायला दगड मागितला. मग खिळा न मारता नुसती खाच पाडून असा सांधा बसवला की आमचे जुने मिस्त्री हलवहलवून बघत बसले. आत सरकारी कचेऱ्यांची टेबलं-खुर्च्या करायचा म्हणे. पण प्लाय, सनमायका आणि हायड्रॉलिक बिजागरी दिली तर गडी गडबडला. आणि आमचं बारा आणे काम तेच!

शिवाय साइटवर धाडायचा तर गेटवर पोलीस पडताळणीचा कागद मागतात. मिस्त्री म्हणतात ठेवा, दीर म्हणतात नको. (दीर शेडमध्ये दिवाळीच्या पूजेला तेवढे येतात, पण ते असो.)

कोर्टनाका
माझे मामा कारागृह खात्यातून निवृत्त झालेत. सश्रम कारावासात काम करावंच लागतं. कच्च्या कैद्यावर, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्यावर, सक्ती नसते. देशात चारातले तीन कैदी कच्चेच, त्यामुळे धंदा पुरता शिकून बाहेर पडणारे थोडे. त्यात पटाशी-करवत कोणाच्याही हातात देत नाहीत, संध्याकाळी हत्यारं मोजून घेतात. सुतारखात्यात टिकला म्हणजे वागणूक नीट असणार, असं मामांचं म्हणणं.

मजुरी मात्र आत कुशल माणसालाही दिवसाला शंभराच्या आत. रास्त मजुरी द्या आणि त्यातला वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी काढा, असं सुप्रीम कोर्टाने १९९८ सालीच सांगितलंय. तेव्हा 'आतून आलाय, स्वस्तात करेल' असा हिशेब करू नका.

शेडवाली_वागळे
हजेरी बाकीच्यांइतकीच देणार. त्यात घासाघीस नाही.

घोडबंदरकर
मी सोसायटीच्या कमिटीत आहे. स्पष्ट सांगतो, आम्ही आत सोडणार नाही. माझं स्वतःचं मत काहीही असो, मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने हात वर कोण करणार? लपवून पाठवलंत आणि नंतर कळलं, तर तुमचंच काम जाईल.

प्लाय_प्रकाश
बिजागरीचं काय घेऊन बसलात ताई! ज्याचा गुण्या पक्का, म्हणजे काटकोन चुकत नाही, तो खणाचे चॅनेल आणि बिजागरी आठवड्यात शिकतो. आमच्या पोरांना मशीनवर भोकं पाडता येतात, रंधा मात्र धरता येत नाही. त्यांना शिकवायला द्या त्याला.

शेडवाली_वागळे
हे पटलं. साइटवर नाही, शेडमध्येच ठेवते. फक्त अस्सल सागाचं काम महिन्याला एखादंच येतं, त्याचं काय?

चरईच्या_काकू
मला देव्हारा हवाय! सगळे प्लायवर सागाची पट्टी चिकटवून सागाचे पैसे लावतात. तो कुठे शिकला याच्याशी मला देणंघेणं नाही. खिळा दिसता कामा नये.

शेडवाली_वागळे
काकू, माप पाठवा. वर शिखर हवं की सपाट? आणि वाती-उदबत्तीला खण हवा असेल तर आत्ताच सांगा. आताच विचारलं त्याला, चॅनेल लावणार नाही म्हणतो, खण लाकडावरच सरकला पाहिजे.