बंगळुरू २४ लाख की पुणे १८?

ए-३०१: मंडळी, मुलीला चिप व्हेरिफिकेशनच्या (चिप बनण्याआधी तिचं डिझाइन तपासायचं काम) दोन ऑफर आहेत. बंगळुरूत बेलंदूर २४ लाख, पुण्यात खराडी १८. सोमवारी कळवायचंय. घरखर्च धरून काय करावं?

सी-५०४: काका, आधी ऑफर लेटरमधला शेवटचा तक्ता बघा. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यात, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कधी जॉइनिंग बोनससुद्धा धरलेला असतो. सगळं रोख मिळतं असं मानलं तरी नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या स्लॅबने वरच्या ६ लाखांतले साधारण १.४ लाख करातच जातात. म्हणजे महिन्याला ३८ हजार जास्त. घरभाड्याची सूट त्या प्रणालीत नाही.

बी-४०२: भाड्यापेक्षा डिपॉझिट अंगावर येतं. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचं, तिथे पाच-सहा, काही मालक दहाही मागतात. समजा भाडं ३५ हजार. डिपॉझिट पाच महिन्यांचं १,७५,०००, दलाली ३५,०००, पहिलं भाडं ३५,०००. किल्ली मिळायच्या आत २,४५,००० गेले, पगार महिनाअखेरीस.
करारात ‘पेंटिंग चार्जेस’ शोधा. घर सोडताना महिन्याभराचं भाडं त्यात कापतात, अकरा महिनेच राहिलं तरी. रक्कम आधीच ठरवून लिहून घ्या.
पाणी कावेरीचं, बोअरचं की टँकरचं, हे वॉचमनला विचारायचं, दलालाला नाही. उन्हाळ्यात टँकर महागला की मेंटेनन्स वाढतो.

डी-२०३: ताई, बरोबर. आणि घर चालत जाण्याइतकं जवळच घ्यायचं. मेट्रोची पर्पल लाइन २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत गेली, पण बेलंदूर तिच्यावर नाही. स्वस्त म्हणून लांब घेतलं तर वाचलेले पैसे कॅबमध्ये आणि दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावर. तळमजला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये हा पट्टा पाण्याखाली होता.

सी-५०४: कामाचं म्हणाल तर चिपसाठी बंगळुरूच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तिथे १९८५ मध्ये आली, पुढे बाकीच्या आल्या. तीन वर्षांनी नोकरी बदलायची तर घर न हलवता बरीच दारं ठोठावता येतात. पुण्यात या कामाच्या कंपन्या मोजक्याच. गाड्यांचं एम्बेडेड सॉफ्टवेअर असतं तर मी पुणेच म्हटलं असतं.

ए-३०१: तक्ता बघितला. २४ मध्ये २ लाख जॉइनिंग बोनस आहे.

सी-५०४: मग दुसऱ्या वर्षापासून २२ च धरा. फरक महिन्याला २६ हजारांचा. खराडीपेक्षा भाडं १० हजार जास्त गेलं तरी १६ उरतात, म्हणून तिला बंगळुरूला जाऊ द्या. पण वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत करायची अट आहे का ते वाचा. आणि होकार देण्याआधी कंपनीकडे १५-२० दिवस राहायची सोय मागा, म्हणजे घर फोटोवर न घेता स्वतः बघून घेता येईल.

ए-३०१: आजच मेल करायला सांगतो.