शब्दचर्चा : ‘गाव’ – भूगोलात, नागरिकशास्त्रात आणि आपल्या बोलण्यात

प्रश्न (सामाजिक शास्त्रांची शिक्षिका, ऐरोली)

मी आठवी-नववीला भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. घणसोलीच्या गावठाणातला विद्यार्थी ‘मी गावात राहतो’ असे सांगतो आणि त्याच्याच वर्गातली, सेक्टरमध्ये राहणारी मुलगी ‘मे महिन्यात आम्ही गावाला जाणार’ असे म्हणते. ‘गाव म्हणजे शहर नसलेली वस्ती’ ही सोपी व्याख्या या दोघांपैकी एकालाही नीट लागू पडत नाही. मुलांना या शब्दाचा अर्थ कसा सांगावा, आणि ‘गावठाण’, ‘पाडा’, ‘मौजे’ हे शब्द त्याच्याशी कसे जोडावेत?

प्रतिसाद 1

बाई, आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या वाक्यांत विभक्तीनेच अर्थ वेगळे केले आहेत. ‘गावाला जाणे’ यातील गाव म्हणजे कुळाचे आणि मूळ घराचे ठिकाण. तेथे कोणी राहत नसले तरी ते आपलेच असते. ‘गावात राहणे’ यातील गाव म्हणजे आज पायाखाली असलेली वस्ती. पहिला अर्थ नात्याचा आहे आणि दुसरा जागेचा, आणि मराठी माणूस दोन्ही अर्थ रोज वापरतो.

शासकीय भाषेत मात्र गाव आणि शहर परस्परविरोधी नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या व्याख्येनुसार ‘गाव’ या संज्ञेत नगर किंवा शहर आणि त्याच्या हद्दीतील सर्व जमीनही समाविष्ट होते. म्हणूनच ठाण्यातल्या उंच इमारतीतील सदनिकेच्या करारातही ‘मौजे माजिवडे, तालुका व जिल्हा ठाणे’ असा उल्लेख असतो. ‘मौजे’ हा अरबीतून आलेला, ‘ठिकाण’ या मूळ अर्थाचा शब्द. आज तो महसुली गावाच्या नावाआधी लावतात. ‘गावठाण’ म्हणजे ग्रामस्थान, अर्थात गावाच्या एकूण जमिनीपैकी घरांसाठी राखलेला भाग. देशावर घरांची जमीन आणि शेतजमीन या भेदाला ‘पांढरी’ आणि ‘काळी’ हे शब्द आहेत, पण ते ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना परके वाटतील. येथे गावठाण आणि शेत एवढे म्हणणे पुरेसे आहे.

नागरिकशास्त्रात तिसरा अर्थ येतो. संविधानाच्या अनुच्छेद 243 मध्ये राज्यपालांनी अधिसूचनेद्वारे जे गाव म्हणून निर्दिष्ट केले असेल ते गाव, अशी व्याख्या असून गावांच्या समूहाचाही तिच्यात समावेश आहे. भूगोलाच्या पाठात वापरली जाणारी जनगणनेची कसोटी आणखी निराळी आहे. किमान 5,000 लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोकांची घनता या अटी पूर्ण झाल्या की ग्रामपंचायत असलेली वस्तीही जनगणनेत ‘शहर’ ठरते. खारघरमध्ये सिडकोचे (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाचे) सेक्टर, उंच इमारती आणि रेल्वे स्थानक असतानाही 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन होईपर्यंत ग्रामपंचायत होती. वर्गात याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

प्रतिसाद 2

वरील विवेचन कायद्यापुरते बरोबर आहे, परंतु मानवशास्त्राने या शब्दाविषयी उपस्थित केलेला प्रश्न त्यात राहून गेला आहे. चार्ल्स मेटकाफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1830 मध्ये भारतीय गावांना लहान, स्वयंपूर्ण प्रजासत्ताके म्हटले आणि ते चित्र पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत नेमका याच चित्राचा समाचार घेतला. पुढे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी क्षेत्रकार्यातून प्रबळ जातीची, म्हणजे संख्या आणि जमीन यांच्या बळावर गावात वर्चस्व असलेल्या जातीची, कल्पना मांडली आणि गाव हा एकजिनसी समाज नसून त्यात सत्तेची उतरंड असते हे दाखवून दिले. मराठीने ही उतरंड ‘गावकुसाबाहेर’ या एका शब्दात कधीच नोंदवून ठेवली आहे. गावाची जमीन, पाणी आणि सण यांत ज्यांचे श्रम लागत, त्यांनाच कुसाबाहेर ठेवणारी ही रचना होती. म्हणून गाव शिकवताना हा शब्द वगळू नये, तो मुलांना जड वाटला तरीही.

प्रतिसाद 3 (नवी मुंबई)

आमच्याकडच्या आगरी-कोळी बोलण्यातला वापर नोंदवतो. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि ठाणे, उरण व पनवेल या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. शेती गेली, मिठागरे गेली. गावठाणे तेवढी उरली. तरीही आम्ही गाव संपले असे म्हणत नाही, कारण गाव म्हणजे गावदेवी, जत्रा आणि गावकी. गावकी ही नोंदणीकृत संस्था असेलच असे नाही; मानपान, सण आणि तंटे यांविषयी गावाने एकत्र बसून ठरवण्याची ती रीत आहे, आणि ती महानगरपालिकेच्या प्रभागाशी जुळत नाही. कुटुंबे वाढली तशी मूळ गावठाणाच्या रेषेबाहेर बांधलेल्या घरांना येथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग शासकीय निर्णयांतही पोहोचला. ‘अनधिकृत’ या शब्दाऐवजी तो का रुजला, यावर मुलांनी विचार करावा असे मला मनापासून वाटते, कारण कोणत्या रेषेला कायदा मानायचे हा नागरिकशास्त्राचाच प्रश्न आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘पाडा’ राहिला. येऊरच्या पाटोणापाडा आणि जांभूळपाड्याला गाव म्हणावे का?

प्रतिसाद 1

‘पाडा’ संस्कृत ‘पाटक’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ गावाचा भाग असा होता. त्यामुळे महसुली दप्तरात पाडा सहसा एखाद्या गावाच्या पोटात जातो आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व कागदावर दिसत नाही. वारली आणि कातकरी कुटुंबांसाठी मात्र रोजचे जगणे पाड्याभोवती असते. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, ही अडचण ओळखली. त्यात गावाची व्याख्या करताना एक वस्ती, वस्त्यांचा समूह, एक पाडा किंवा पाड्यांचा समूह, ज्यात एक समाज राहतो आणि आपल्या परंपरा व रूढींनुसार आपले व्यवहार चालवतो, असा आधार घेतला आहे. म्हणजे येथे गाव ठरते ते लोकांच्या एकत्र वागण्यावरून. अशा पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते.

हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता, म्हणजे तसे घोषित केलेल्या आदिवासी भागापुरता, आहे. शहापूर तालुका त्या क्षेत्रात मोडतो. येऊर ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि त्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन आदिवासी पाड्यांपैकी शहापूरचा पाडा कायद्याने गाव ठरू शकतो आणि येऊरचा प्रभागाचा भाग राहतो. बोलण्यात आणि निबंधात येऊरच्या पाड्यांना मुलांनी खुशाल गाव म्हणावे. परीक्षेत ग्रामसभेचा प्रश्न आला, तर हा फरक लिहावा.