आजीची आठवण कुठे संपते आणि 'पानिपत' कुठे सुरू होते?

प्रश्न:
आजीकडून लहानपणी ऐकलेली हकीकत अशी की, आमचे एक पूर्वज सदाशिवराव भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून पानिपतला गेले ते परतलेच नाहीत, लढाई ऐन संक्रांतीला झाली आणि म्हणून आमच्या घरी तिळगूळ करत नाहीत. विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ मध्ये आली, तेव्हा वडील ती रोज रात्री आजीला वाचून दाखवत. आता घराण्याची माहिती लिहायला बसलो असता पंचाईत झाली आहे. छावणीतल्या उपासमारीचे जे वर्णन मला आजीच्या आवाजात आठवते, ते तिला सासूकडून मिळाले होते की वडिलांच्या वाचनातून, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. हे धागे वेगळे करता येतील का?

प्रतिसाद १:
उपासमारीवरून निवाडा होणार नाही, कारण ती त्या काळच्या पत्रांतही आहे आणि बखरींतही. संक्रांतीचा धागा मात्र तपासता येतो. इंग्रजी तारखांच्या हिशेबात संक्रांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्यापूर्वी शंभर वर्षे ती याहूनही आधी येत असे, म्हणजे लढाईच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, ती होऊन गेलेली होती. तेव्हा "ऐन संक्रांतीला" ही जोड नंतरच्या कोणीतरी कॅलेंडर पाहून लावलेली दिसते. जुन्या घरांत गेलेला माणूस तिथीने लक्षात राहतो, आणि ती तिथी पौष शुद्ध अष्टमी. त्या दिवशी तुमच्याकडे काही करतात का?

प्रश्नकर्ता:
त्या दिवशी आमच्याकडे शाकंभरीचे नवरात्र बसते; श्राद्ध कधीच नव्हते. किंबहुना पितृपक्षातही या पूर्वजांचे नाव घेतले जात नसे, आणि त्याचे वडिलांना नवल वाटे.

प्रतिसाद २:
मला तर तुमच्या साऱ्या हकीकतीत हेच सर्वांत मोलाचे वाटते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेल्याचे अखेरपर्यंत मानले नाही, आणि १७७६ मध्ये भाऊसाहेबांच्या तोतयाने कोकणात बंड उभारले, तेव्हा त्याला खरा मानणारेही निघाले. पेशव्यांच्या घरची ही अवस्था, तर एका कारकुनाच्या घरी निश्चित बातमी कुठून पोचणार? ज्याचे मरण घराने मान्यच केले नाही, त्याला पिंड कोण देणार? अशी वगळलेली नावे कादंबरी वाचून घरात येत नाहीत. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथे तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील, तर त्यांच्या वहीत पुढच्या पिढीने आपल्या हाताने लिहिलेली वंशावळ मिळू शकते. जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात, म्हणून वाचणारा माणूस बरोबर न्यावा.

प्रश्नकर्ता:
चैत्रात त्र्यंबकला जाणार आहे. संक्रांतीचा परिच्छेद खोडलेला नाही; समासात "आजीने सांगितले; वडिलांच्या वाचनाआधी की नंतर, ते आठवत नाही" एवढे लिहून ठेवले आहे.