जामीन मिळेल की नाही हे सांगणारं मॉडेल: एल.एल.एम.च्या प्रबंधाला विषय घेऊ का?

विधी_कोल्हापूर:
नमस्कार. एल.एल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरचे मराठी जामीन आदेश गोळा करून निकालाचा अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल करायचं मनात आहे. हिंदीत उत्तर प्रदेशातल्या जिल्हा न्यायालयांच्या नऊ लाखांहून जास्त कागदपत्रांवर असं काम 2022 साली झालंय. फौजदारी वकिली करणाऱ्यांचं मत हवंय.

फौजदारी_सांगली:
विषय सोडू नका, पण प्रश्न बदला. आधी फिर्यादीची हकिकत, मग आमचं म्हणणं, सरकारी वकिलांचं म्हणणं, कारणं आणि शेवटी हुकूम, असा आदेश असतो. त्यातली हकिकतही न्यायाधीश साहेब निकाल मनाशी ठरल्यावर लिहितात. अर्ज फेटाळायचा असेल तर जखमांचं वर्णन तिथेच सविस्तर येतं. मंजूर करायचा असेल तर 'मुद्देमाल हस्तगत झालेला आहे', 'तपास बहुतांशी पूर्ण' अशी वाक्यं आधीच डोकावतात. शेवटचा हुकूम कापून टाकला तरी त्याचा वास वरच्या परिच्छेदांत राहतो. मॉडेल तो ओळखतं, आणि आपण त्याला भाकीत म्हणतो!

खरं भाकीत करायचं तर सुनावणीआधी जे हाती असतं तेवढंच मॉडेलला द्यायला हवं. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळेल, तीही संवेदनशील गुन्हे वगळून. रिमांड रिपोर्ट (कोठडी मागताना पोलिसांनी दिलेला अहवाल), वैद्यकीय दाखला कुठून आणणार?

आयआयटी कानपूरच्या गटाचा 2021 चा निबंध जरूर वाचा. सर्वोच्च न्यायालयाची सुमारे 35 हजार निकालपत्रं घेतली होती. मॉडेल 78 टक्क्यांच्या आसपास बरोबर, कायद्याचे जाणकार 94. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कोणत्या वाक्यांवरून निकाल कळला याच्या खुणा त्यांनी जाणकारांकडून करून घेतल्या. मॉडेलने धरलेली वाक्यं त्यांच्याशी फारशी जुळली नाहीत.

भाषातंत्र_पुणे:
तांत्रिक बाजूने दोनच गोष्टी. आडनावं आणि गावं झाकल्याशिवाय काही शिकवू नका, नाहीतर मॉडेल जात-धर्म शिकेल. आणि 1 जुलै 2024 पासून जामिनाची कलमं बदलली आहेत: फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 437, 438, 439 ची आता नागरिक सुरक्षा संहितेत 480, 482, 483. जुने-नवे आदेश एकत्र घेताना आधी हा मेळ घाला.

विधी_कोल्हापूर:
हकिकतीचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. मग त्याच आदेशांवर करण्यासारखं काय उरतं?

फौजदारी_सांगली:
अटी! जामीन मंजूर झाला आणि माणूस आतच राहिला, हे आम्ही नेहमी बघतो. ऊसतोड मजुराला सक्षम जामीनदार कोण देणार? सातबारा असलेला माणूस त्याच्या ओळखीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय की महिन्याभरात जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली रकमेची हमी) आणि जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण अटी मुळात किती जड असतात, हे जिल्हावार मोजायला हवं.

आणि ते आदेशातूनच मोजता येतं, कारण हुकुमात लिहिलेली रक्कम हीच खरी रक्कम. 'रु. 15,000/- च्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे.' रक्कम कधी आकड्यात, कधी अक्षरी. रोख जामीन वेगळा. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, तालुकाबंदी. हे सगळं वेचून काढणारं मॉडेल करा. सत्र न्यायालयाचे आदेश बरेचसे इंग्रजीत असतात, मराठी हवे तर जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, कोर्टाचे बघा. सुरुवातीला एकच गुन्हा धरा, साधी चोरी: दंड संहितेचं जुनं 379, न्याय संहितेचं नवं 303. एकाच कलमाला दोन तालुक्यांत रकमेत किती फरक पडतो, एवढं दाखवलंत तरी मी ते अर्जासोबत जोडून साहेबांपुढे ठेवीन. खुणा करायला माझ्या दोन ज्युनिअर देते, व्यक्तिगत निरोप पाठवा.